डबल बेल

"मग तुम्ही नक्की करता काय?"

ज्ञानदेव खराडे यांनी हा प्रश्न मला वडगाव डेपोच्या विश्रांतीगृहात विचारला, लोखंडी खाटेवर मांडी घालून, भर दुपारी. भोवती एसटीचे चार-सहा ड्रायव्हर-कंडक्टर बसले होते. कुणी डबा खात होतं, कुणी पाय चेपत होतं. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता आणि हातात मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी.

"माणसं थांबतात कशी, ते मोजतो," मी म्हणालो.

"कुठं थांबतात?" बशीरभाई तांबोळी नावाच्या एका ड्रायव्हरने घास तोंडाशीच ठेवून विचारलं.

"कुठंही. म्हणजे बघा, हात उचलला, काहीतरी करायला निघालो आणि आयत्या वेळी कळलं की नको. तर मेंदू त्या निघालेल्या हाताला मागे कसा खेचतो आणि त्याला किती वेळ लागतो, हे आम्ही बघतो. कारण काय आहे, सुरू करणं सोपं असतं, पण—"

"आणि ह्याचा पगार देत्यात?"

"शिष्यवृत्ती देतात."

"म्हंजे पोरगं अजून शाळेतच हाय की!"

सगळे खो खो हसले. खराडेकाका तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण बाजारात भोपळ्याकडे बघतो, आतून किडका निघेल का म्हणून.

आता इथे सांगायला हवं की मी तिथे तडफडायला का गेलो होतो. खराडेकाकांची मुलगी वैजयंता पुण्याला इस्पितळात नर्स होती आणि मला तिच्याशी लग्न करायचं होतं. बस्स, एवढंच. ती आमच्या प्रयोगशाळेत प्रयोगाला बसायला आली होती. प्रयोग आटोपला आणि मी तिला त्याची माहिती देत सुटलो, तर तिच्या दोन बस चुकल्या. मला बोलायला लागलं की थांबता येत नाही. लोकांचं थांबणं मोजणारा माणूस मी, आणि माझ्याच जिभेला ब्रेक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तरी ती पुन्हा आली, पुन्हा आली, आणि वर्षभराने एकदा बसस्टॉपवर मला मधेच तोडून म्हणाली, "निशिकांत, तू नुसता बोलणारच आहेस, की विचारणारही आहेस?"

मी विचारलं. ती हो म्हणाली. पण वडिलांचं समाधान झाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही म्हणाली. आणि वडिलांनी निरोप धाडला, "बैल घेताना औताला जुंपून बघत्यात. त्यांना म्हणावं, मशीन घेऊन डेपोत या. काम बघतो, मग बोलतो." रविवारी पाटबंधारे खात्यातला एक मुलगा वैजूला बघायला येणार होता. सरकारी नोकरी, वर स्वतःचं घर. मी शुक्रवारी येऊन धडकलो.

वैजू खिडकीशी उभी होती. तिने मला आधीच बजावलं होतं, "मी तोंड उघडणार नाही. तुझं तू निस्तर. आणि एक कर, जिथं थांबायचं तिथं थांब."

तर मी काकांच्या डोक्यावर टोपी चढवली. टोपीच्या प्रत्येक तारेखाली केसांत एक चिकट मलम भरावं लागतं. ते भरताना बशीरभाई म्हणाले, "ज्ञानबा, लगीन पोरीचं आन् हळद तुलाच लागली की रं!" पुन्हा हशा. मी घाईघाईने सूचना दिल्या. पडद्यावर बाण येईल. डावीकडे तोंड असेल तर डावं बटण दाबायचं, उजवीकडे असेल तर उजवं. जमेल तितक्या चटकन दाबायचं. पण अधूनमधून बाण आल्या आल्या एक बेल वाजेल. ती वाजली की दाबायचं नाही, हात आवरायचा.

"एवढंच?"

"एवढंच."

काकांनी सुरुवात झकास केली. डावा, उजवा, उजवा, डावा. बोटं कशी पटापट चालत होती. मग पहिली बेल वाजली. काकांनी हात जागच्या जागी आवरला. मी मनात म्हटलं, वा!

पुढचा बाण आला. काकांनी दाबला नाही. त्याच्या पुढचा आला, तोही गेला. काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते पडद्याकडे अगदी शांतपणे बघत होते. पडद्यावर लाल अक्षरं येत राहिली, 'उत्तर नाही', 'उत्तर नाही'.

"काका, दाबा ना."

"का?"

"बाण आला."

"येऊ दे की."

"पण तो दाबायचा आहे!"

"बेल कुठं दिली?"

"दिली की! आत्ता वाजली ना?"

"ती सिंगल," काका म्हणाले, लहान मुलाला समजावतात तसं. "सिंगल म्हंजे थांबा. थांबलो. आता डबल द्या, मग निघतो."

मी बाकीच्यांकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी कुणी हसेल. कुणीही हसलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या.

"बराबर हाय त्येंचं," बशीरभाई म्हणाले. "कंडक्टरनं डबल दिल्याबिगर गाडी हलवायची न्हाई. मागं एखादी म्हातारी पायरीवर असती, एक पाय आत, एक भाईर."

मी पुन्हा समजावलं. इथे म्हातारी नाही, पायरी नाही, हा नुसता प्रयोग आहे, बेल फक्त त्या एका बाणापुरती आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा बसले. पहिल्या बेलेला पुन्हा तेच. थांबले ते थांबलेच. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. "मला कळतंय ओ सगळं," ते म्हणाले, "पर हात जात न्हाई." मग बशीरभाई तोऱ्यात बसले, टोपीशिवायच. त्यांचंही तेच. तिसरा एक जण बसला, तोही बेल वाजल्यावर हाताची घडी घालून मोकळा.

माझं डोकं सणकलं. खोटं कशाला बोलू? आमच्या प्रयोगशाळेत अशा माणसाच्या नावापुढे 'सूचना पाळत नाही' असं लिहून त्याला बाद करतात. होणाऱ्या सासऱ्याला बाद करून मी कोणत्या तोंडाने पोरगी मागणार होतो? माझ्या ओठांवर वाक्य आलं, "अहो, एवढी साधी गोष्ट तुम्हाला—" आणि खिडकीकडे नजर गेली. वैजूने ओठ घट्ट मिटले होते. मी ते वाक्य गिळलं. जन्मात गिळलेलं माझं ते पहिलंच वाक्य असावं. घशाखाली उतरताना मिरचीसारखं लागलं.

आणि गप्प बसल्यामुळेच असेल, डोक्यात एक गोष्ट आली. ही माणसं सूचना मोडत नव्हती. माझ्यापेक्षा कितीतरी जुनी सूचना पाळत होती.

मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो आणि प्रोग्राममध्ये बदल करायला लागलो. काका टोपीसकट मागे येऊन उभे राहिले.

"काय करताय?"

"डबल बेल घालतोय."

"जमंल?"

"जमवतो."

काका मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "सायबांना च्या सांगा रं." माझ्या नावावर जमा झालेली ती पहिली गोष्ट.

आता प्रत्येक थांबण्याच्या बेलेनंतर जरा दम घेऊन दोन बेला वाजायच्या आणि मग पुढचा बाण यायचा. आणि काय सांगू, गाडी घाटातून सपाटीला लागावी तसा प्रयोग पळायला लागला. डावा, उजवा, टण्, थांबले. टण्-टण्, निघाले. बशीरभाई खाटेवरून ओरडत होते, "हाण ज्ञानबा! सीधा कोल्हापूर!"

पण थोड्या वेळाने काकांचं एका बेलेला थांबायचं राहिलं. बेल वाजली आणि बोट पडून गेलं. ते दचकले. मग पुन्हा एकदा चुकलं. पुन्हा एकदा. खोलीतला आरडाओरडा हळूहळू बंद झाला. ज्याचा त्याचा डोळा आपापल्या डब्यात गेला. प्रयोग संपला तेव्हा काका पडद्याकडे बघत बसून राहिले.

"नापास झालो न्हवं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही हो काका—"

"दिसतंय की. निम्म्या बेला हुकल्या माझ्या. अख्ख्या नोकरीत एक बेल हुकली न्हाई." त्यांनी टोपीच्या तारा चाचपल्या. "येवढं करा, वैजूच्या आईला सांगू नका."

"ऐकलं मी," दारातून आवाज आला.

दारात वैजूची आई उभी होती. सुलोचना खराडे. खाकी साडी, खांद्याला पैशाची बॅग, हातात तिकिटाचं मशीन. बायकांना पहिल्यांदा कंडक्टर म्हणून घेतलं तेव्हाच त्या लागल्या होत्या, ह्याच डेपोत. नवरा-बायकोला एका गाडीवर ड्यूटी मात्र देत नसत. यांची भांडणं प्रवाशांनी तिकीट काढून का ऐकावीत, असं डेपो मॅनेजर म्हणायचे म्हणे. आताच फेरी करून आल्या होत्या. मी उठून नमस्कार केला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "डोस्कं धुवा आधी. काय अवतार केलाय!"

मलम कोरडं झालं की निघता निघत नाही. मी काकांना नळावर नेलं, ओणवं केलं आणि त्यांच्या डोक्याला साबण लावायला लागलो. लग्नाआधी सासऱ्याला न्हाऊ घालणारा जावई अख्ख्या पंचक्रोशीत मीच असेन. पण माझा जीव त्या चेहऱ्यात अडकला होता. माझ्या मशीनने त्या माणसाला त्याच्याच लोकांसमोर खाली बघायला लावलं होतं.

"काका, मशीनच तसं केलेलं आहे," मी म्हणालो. "तुम्ही थांबलात की पुढच्या वेळी ते बेल आणखी उशिरा देतं. तुम्ही चुकलात की जरा लवकर देतं."

"म्हंजे थांबंल तसं अवघड?"

"हो. कुणीही बसला तरी निम्म्या वेळा चुकणार. चुकलाच पाहिजे. कधीच न चुकणाऱ्या माणसाचं थांबणं आम्हाला मोजता येत नाही. आणि तुमचं थांबणं म्हणाल तर आमच्या प्रयोगशाळेतल्या विशीतल्या पोरांच्या तोडीचं आलंय. शपथ!"

नळाखाली काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. बघतो तर हसत होते.

"आरं तिच्या! ऐकलंस का गं? हे मशीन तुझ्यासारखंच निघालं! येक गोष्ट ऐकली की दुसरी त्याहून अवघड सांगतंय!"

"डोळ्यांत जाऊ द्या साबण त्यांच्या," काकू मला म्हणाल्या. पण म्हणताना त्याही हसल्या.

मी धीर केला. डोक्यावर शेवटचा तांब्या ओतला आणि म्हणालो, "काका, काम तर बघितलंत. मग आता—"

"मी बघितलं," काका टॉवेलने डोकं पुसत म्हणाले. "मला पटलं. पर मी ड्रायव्हर. बेल माझ्या हातात नसती. घरातबी न्हाई." आणि त्यांनी बायकोकडे बोट केलं.

काकू तिकिटाचं मशीन बॅगेत ठेवत होत्या. "तुम्ही ह्यांचं थांबणं बघितलं," त्या म्हणाल्या. "तुमचं कोण बघणार? चला गाडीत."

त्यांची गाडी आवारात रिकामी उभी होती. मी ड्रायव्हरच्या दारातून चढायला गेलो तर पाय सटकला, मग बशीरभाईंनी मागून ढकलून मला वर घातलं. लॅपटॉप इंजिनाच्या झाकणावर ठेवला. बेला काढून टाकल्या, नुसते बाण ठेवले. काका शेजारी उभे राहिले. वैजू पहिल्या सीटवर बसली. बाकी सगळा डेपो खिडक्यांना लटकला. समोरच्या मोठ्या आरशात मला मागची अख्खी गाडी दिसत होती. अगदी शेवटी काकू उभ्या होत्या, एक हात वर, बेलेच्या दोरीवर.

टण्-टण्.

मी निघालो. डावा, उजवा, उजवा. भीती वाटली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. "आता काकू, गंमत अशी आहे," मी बटणं दाबत आरशात बघून सांगायला लागलो, "की थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. थांबायला उलट जास्त काम पडतं. मेंदूच्या उजव्या बाजूला, पुढे, एक छोटासा भाग असतो, आणि तो भाग—"

टण्.

बोट बटणावर टेकायला आलं होतं. ते थांबलं. आणि त्याच्याबरोबर, कसं कोण जाणे, तोंडही थांबलं. वाक्य अर्ध्यातच राहिलं.

बाण आला, गेला. 'उत्तर नाही.' दुसरा आला. 'उत्तर नाही.' मी आयुष्यात एकाही परीक्षेत प्रश्न सोडला नव्हता. ती लाल अक्षरं बघून माझी बोटं नुसती शिवशिवत होती. तो भाग म्हणजे काय, हे सांगायला जीभ वळवळत होती. पण मागे एक म्हातारी पायरीवर होती, एक पाय आत, एक बाहेर. मला ती खरोखर दिसत होती म्हणा ना. मी हात गुडघ्यांवर ठेवले.

गाडीत चिडीचूप. मोटारींच्या आवारात एवढी शांतता असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

काकू सावकाश चालत पुढे आल्या. दोरी गाडीभर लांब असते, त्यांचा हात तिच्यावरून सरकत आला. "पोरीनं सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या, "मुलगा सोन्यासारखा हाय, पर बोलायला लागला का त्याला ब्रेक न्हाई. दुसऱ्याचं ऐकतच न्हाई. मला तेवढ्याचीच काळजी हुती. घर काय, नोकरी काय, ते हुतंय मागंपुढं." त्या माझ्या सीटमागे येऊन उभ्या राहिल्या. "आमची वैजू बोलून दाखवायची न्हाई. येकदाच म्हनंल, बास. तवा असंच थांबशीला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी जोरजोरात मान हलवली.

"आरं बोला की!" काका ओरडले. "आता का दातखीळ बसली? येवढा वेळ तर—"

मी काही बोललो नाही. फक्त बोट वर केलं आणि दोरी दाखवली.

सगळ्यात आधी बशीरभाई फुटले. खिडकीची दांडी धरून असे हसले की मला वाटलं पडतात खाली. "डबल न्हाई दिली अजून! वहिनी, डबल द्या! पाव्हणं थांबल्यात!" मग काका हसले, मग सगळा डेपो हसला. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली.

टण्-टण्.

"थांबेन," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

पुढे काय झालं ते भराभर सांगतो, नाहीतर वैजू आतून ताटावर चमचा वाजवेल. एक टण्, की मी गप्प, असा आमच्या घरात आजतागायत रिवाज आहे. काकांनी मला त्या दिवसापासून साहेब म्हटलं नाही, पाव्हणं म्हणायला लागले. पाटबंधारेवाल्यांना त्यांनी तिथूनच फोन लावून सांगितलं, "गाडी फुल्ल झाली ओ, दुसरी बघा." आणि डेपोच्या कँटीनमध्ये भजी तळली गेली ती अंधार पडेपर्यंत.

पुण्याला परतताना गाडीत मी लॅपटॉप उघडला. 'थांबेन' म्हणत मी दाबलेल्या त्या शेवटच्या नोंदीवर मशीनने काट मारली होती. आमचा नियमच आहे तसा. बाण दिसतो न दिसतो तोच आलेलं उत्तर धरायचं नसतं, कारण त्या माणसाने बाण बघितलेलाच नसतो, त्याचं आधीच ठरलेलं असतं. नियम अगदी बरोबर आहे. तो बाण डावा होता की उजवा, मला आजही माहीत नाही. मी आरशात बघत होतो. आरशात वैजू हसत होती.